मंगळवारी चार वाजता : हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तर

पहिल्याच महिन्यात एका आजींनी मला विचारलं, "परत कधी येशील?" मी म्हणाले, "येईन ना, या आठवड्यात केव्हातरी." आजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. उशी नीट करणाऱ्या सिस्टरना म्हणाल्या, "ही काही यायची नाही." मला ते फार लागलं. आजारपण लांबल्यापासून 'येईन केव्हातरी' त्यांनी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, हे घरी गेल्यावर सुचलं. तेव्हापासून मी पुढचा दिवस आणि वेळ सांगूनच उठते. माझा वार मंगळवार, वेळ चारची.

या कामाला काय लागतं असं कोणी विचारलं, की माझ्याकडून करुणा, धीर, मोठं मन असलं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असते. मी म्हणते, ठरल्या वेळी जाता येतंय का ते आधी बघा. बाकीचं बरंचसं शिकवतात.

## आधी हॉस्पिस म्हणजे काय ते

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी ही सेवा. आजार बरा करायचे उपचार इथे थांबलेले असतात, पण माणसावरचे उपचार थांबलेले नसतात. दुखणं, धाप, मळमळ, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, भीती, या सगळ्यांवर रोज काम चालू असतं. हॉस्पिस म्हणजे एखादी इमारतच असेल असंही नाही. कधी तो रुग्णालयातला एक वॉर्ड असतो, तर कधी घरोघर जाणारं नर्स, डॉक्टर, समाजसेवक आणि स्वयंसेवकांचं पथक. त्यामुळे नाव नोंदवताना पहिला प्रश्न हाच विचारा : मला जायचंय ते वॉर्डात की लोकांच्या घरी? दोन्ही कामांची घडण वेगळी आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

आजच्या हॉस्पिसची सुरुवात सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनमध्ये उभारलेल्या सेंट क्रिस्तोफर्सपासून मानतात. नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर, असा त्यांचा प्रवास. पण मला त्यांच्या आयुष्यातला १९४८नंतरचा काळ जास्त जवळचा वाटतो. दिवसाची नोकरी सांभाळून त्या लंडनमधल्याच सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात स्वयंसेवक नर्स म्हणून जायच्या. दुखणं असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, ते उठायच्या आधीच ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, ही तिथली पद्धत त्यांनी तिथेच पाहिली आणि पुढे जगभर नेली. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, घरच्यांच्या काळजीची, 'हे माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचीही असते, हे त्यांनी मांडलेलं सूत्र. त्यातल्या गोळीने न भागणाऱ्या भागात स्वयंसेवकाचं काम येतं.

## स्वतःला विचारायचे प्रश्न

घरातलं कोणी जवळचं गेलं असेल तर थांबा. बऱ्याच संस्था साधारण वर्षभर थांबायला सांगतात, आणि अर्ज नाकारला म्हणून लोक दुखावतात. नियम कोरडा वाटतो, पण त्यामागे अनुभव आहे. ताजं दुःख घेऊन आलेल्या माणसाला समोरच्या खाटेवर आपलीच आई दिसत राहते. मग रुग्णानेच तुमची समजूत काढायची वेळ येते.

दुसरा प्रश्न : आठवड्यातले दोन-तीन तास, निदान सहा महिने, खरंच देता येतील? उत्साहाच्या भरात आठवड्याचे चार दिवस लिहून देऊ नका. चार दिवस लिहून दोन दिवस येणाऱ्यापेक्षा एकच दिवस लिहून न चुकता येणारा माणूस वॉर्डला हवा असतो.

तिसरा प्रश्न अवघड आहे : आपण का जातोय? पुण्य, कुतूहल, एकटेपणा, कोणाचं तरी फेडायचं राहिलेलं ऋण, यातलं कुठलंही कारण चालतं. फक्त ते आपल्याला माहीत असावं. 'मी त्यांना मरणासाठी तयार करेन' किंवा 'माझ्या श्रद्धेचा मार्ग दाखवेन' हे कारण मात्र चालत नाही. अशा माणसाने दुसरं काम शोधावं, हे मी स्पष्टच लिहिते.

आणि हो, खाटेशेजारी बसणं हे एकच काम नसतं. फोन घेणं, बाग बघणं, कागदपत्रं लावणं, देणगीचा हिशेब, रुग्णाच्या नातेवाइकांना ने-आण करणं, केस कापणं, वाद्य वाजवणं, हेही हॉस्पिसचंच काम. अमेरिकेत तर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा नियमच आहे की पगारी कर्मचारी रुग्णसेवेला जेवढे तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के इतकं काम स्वयंसेवकांकडून व्हायला हवं. त्यात कचेरीतलं कामही धरतात. केरळमध्ये १९९३मध्ये कोझिकोडला सुरू झालेलं वेदनाशमनाचं काम तर वस्तीवस्तीतल्या स्वयंसेवकांच्या जोरावरच पसरलं.

## अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण

अर्जानंतर मुलाखत होते. ओळखीच्या दोन माणसांची नावं, पोलीस पडताळणी, क्षयरोगाची तपासणी, लसींची नोंद हे सगळं मागतात. त्यात कंटाळू नका. ज्यांना उठून दारही लावता येत नाही अशा माणसांच्या खोलीत तुम्हाला सोडायचं असतं.

प्रशिक्षण कुठे दोन दिवसांत संपतं, कुठे काही आठवडे चालतं. त्यात आजारांची ओळख, हात धुण्याची पद्धत, गोपनीयता, ऐकायचा सराव आणि मृत्यूच्या आसपास काय घडतं ते शिकवतात. त्यानंतर काही फेऱ्या जुन्या स्वयंसेवकाबरोबर करायच्या असतात. या फेऱ्यांमध्ये तो काय बोलतो यापेक्षा तो कधी गप्प बसतो ते बघा. मला शिकवणाऱ्या बाई एका रुग्णाजवळ चाळीस मिनिटं बसल्या आणि एकूण चार वाक्यं बोलल्या. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आज फारसं काही झालं नाही ना?" त्या म्हणाल्या, "आज ते रडले. तुला दिसलं नाही?" मला दिसलं नव्हतं. मी घड्याळाकडे बघत होते.

प्रशिक्षणात एक गोष्ट लेखी मागून घ्या : काय करायचं नाही याची यादी. सगळीकडे ती जवळपास सारखीच असते. औषध द्यायचं नाही, औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही, रुग्णाला एकट्याने उचलायचं नाही, पैसे किंवा वस्तू घ्यायच्या-द्यायच्या नाहीत, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, फोटो काढायचे नाहीत, बाहेर कुणाचं नाव घ्यायचं नाही. शेवटचं पाळणं सगळ्यात कठीण जातं. नाव न घेता सांगितलेल्या किश्शातूनही माणूस ओळखू येतो. म्हणून मीही इथे खुणा पुसून लिहितेय.

## दारापासून खुर्चीपर्यंत

पोचल्यावर आधी सिस्टरना किंवा समन्वयकांना भेटा. गेल्या खेपेपासून काय बदललं ते विचारा. आठवड्यापूर्वी गप्पा मारणारा माणूस आज डोळे उघडत नसेल, किंवा खाट रिकामी असेल. ते दारात उभं राहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. गिळता येतंय का, कान कुठला चांगला, बोलताना दमतात का, कुणाला भेटायचं नाही असं म्हणालेत का, एवढं विचारून घ्या.

मग हात धुवा. अत्तर, उग्र साबण, सिगारेटचा वास नको. मळमळणाऱ्या माणसाला तो सहन होत नाही. फोन बंद करा. नुसता आवाज बंद करून खिशात ठेवला तरी तो थरथरतो आणि तुमची नजर खिशाकडे जाते.

दार उघडं असलं तरी टकटक करा. नाव सांगा, प्रत्येक खेपेला सांगा. 'ओळखलंत का?' हा प्रश्न कधीच विचारू नका, ती परीक्षा होते. "मी बसू का थोडा वेळ?" असं विचारा आणि 'नको' हे उत्तर खरोखर चालेल अशा आवाजात विचारा. त्या खोलीतल्या माणसाच्या हातात निर्णय फार थोडे उरलेले असतात. सुई कधी, आंघोळ कधी, कूस कधी बदलायची, हे दुसरेच ठरवतात. तुम्हाला परत पाठवणं हा त्यातला एक त्याला मिळाला, तर तुमची फेरी फुकट गेली नाही.

खुर्ची कुठे ठेवायची, यावर मी तासभर बोलू शकते! खाटेवर बसायचं नाही. गादी हलली तरी काहींना कळ येते. उभं राहून बोलायचं नाही, कारण उभा माणूस निघायच्या बेतात दिसतो. खिडकीकडे पाठ करून बसलात तर उजेडात तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. चांगल्या कानाच्या बाजूला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, मान न वळवता दिसाल असं बसा. खुर्ची ओढताना नळ्यांकडे बघा : ऑक्सिजन, लघवीची पिशवी, सिरिंज पंपाची बारीक नळी. आणि उठताना बेल त्यांच्या हाताशी आहे का ते बघा. पाणी, चष्मा, बेल. या तिन्हीवर नजर फिरवल्याशिवाय मी खोलीबाहेर पडत नाही.

## बोलायचं काय

नवख्यांना भीती असते ती याची. प्रत्यक्षात बोलावं लागतं कमी. खोलीत दिसेल त्यावरून सुरुवात करा : भिंतीवरचं चित्र, विणकामाची पिशवी, रेडिओ. एका काकांच्या खाटेखाली बुटांचा जोड होता, पॉलिश केलेला, टाचा भिंतीला लावून ठेवलेला. ते उठू शकत नव्हते. मी विचारलं, "बूट कोण पॉलिश करतं?" पाऊण तास ते बुटांवर बोलले : पहिल्या नोकरीचे बूट, लग्नातले बूट, मुलाने पाण्यात बुडवलेले बूट. आजाराचा शब्द निघाला नाही. मी फक्त 'मग?' म्हणत होते.

काही वाक्यं मात्र टाळायचीच. 'सगळं ठीक होईल' हे खोटं आहे आणि त्यांना ते माहीत असतं. 'मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय' हेही खरं नाही. 'धीर सोडू नका' म्हटलं की समोरच्याला तुमच्यासाठी धीराचा चेहरा करावा लागतो.

अवघड प्रश्न अचानक येतात. "मी मरतोय का गं?" विषय बदलू नका, उत्तरही देऊ नका. ते सांगणं डॉक्टरांचं काम. मी म्हणते, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि थांबते. बहुतेक वेळा त्यामागे दुसरंच काहीतरी असतं : दुखेल का, एकटा असेन का, मुलीला कोण सांगेल. ते ऐका, मग विचारा, "हे मी सिस्टरना सांगू का?" दुखण्याची तक्रार, पडण्याची भीती, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, घरात कोणी त्रास देत असल्याची खूण, हे पोटात ठेवायचं नसतं. 'कुणाला सांगू नकोस' असं ते म्हणाले तरी अशा गोष्टी पथकापर्यंत जातात, हे त्यांना तिथल्या तिथे, सरळ सांगा.

कोणी आपल्या आयुष्याच्या गोष्टी सांगायला लागलं, तर विचारून लिहून घ्या किंवा नातवंडांसाठी आवाज ध्वनिमुद्रित करा. त्यासाठी संस्थेची परवानगी लागते. आणि सांगणाऱ्याचे शब्द तसेच ठेवा, तुमची भाषा घुसडू नका.

## अंगाला हात लावण्याआधी

इथे माझी एक चूक सांगते. एका बाईंनी पाणी मागितलं. भांडं शेजारीच होतं. मी उशीला टेकवून त्यांना दोन घोट दिले आणि त्यांना असा ठसका लागला की सिस्टर धावत आल्या. गिळण्याची ताकद गेली होती आणि खाटेच्या डोक्याशी तशी पाटी लावलेली होती. मी ती वाचलीच नव्हती. तेव्हापासूनचा माझा नियम : पाण्याचा थेंबसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

गिळता येत नसेल तरी तोंड कोरडं पडतंच, आणि त्याचा त्रास तहानेसारखाच होतो. सिस्टरांनी दाखवलं असेल तर ओल्या स्पंजच्या काडीने ओठ, हिरड्या, जीभ पुसता येते. काडी चांगली पिळून घ्यायची, थेंब घशात जाता कामा नये. ओठांना मलम लावायचं तर ऑक्सिजन चालू असताना पेट्रोलियम जेली नको, पाण्यावर बनवलेलं मलम लावतात. ऑक्सिजनच्या खोलीत काडेपेटी, दिवा, सिगारेट यांना अर्थातच मज्जाव.

हात धरायचा तर आपला हात खाली, त्यांचा वर ठेवा. म्हणजे सोडवून घ्यायचा असेल तर त्यांना ताकद लावावी लागत नाही. व्हीलचेअर थांबली की दोन्ही ब्रेक लावा, मगच बाकीचं.

## घरी जाऊन सेवा करताना

वॉर्डात हाक मारली की सिस्टर येतात. घरी तुम्ही एकटे असता. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या माणसाला दोन तास मोकळे मिळावेत म्हणून बहुतेकदा तुम्हाला बोलावलेलं असतं. ते बाहेर पडण्याआधी पथकाचा चोवीस तासांचा फोन नंबर, परतायची वेळ आणि काही झालं तर त्यांना कुठे गाठायचं हे लिहून घ्या. श्वास थांबला तर काय करायचं ठरलंय, रुग्णवाहिका बोलवायची की पथकाला फोन करायचा, हेही आधीच समन्वयकांकडून समजून घ्या. ऐन वेळी हा निर्णय स्वयंसेवकाच्या गळ्यात पडता कामा नये.

घरातली माणसं कधी तुमच्यावर चिडतील. 'तुमच्याशी बोलतात, आमच्याशी नाही' असं एका सुनेने मला ऐकवलं होतं. तिचं खरं होतं. सासऱ्यांची मलमूत्राची उस्तवार ती करत होती आणि मी आयती गप्पा मारायला. पुढच्या खेपेला मी काकांजवळ दहा मिनिटं बसले आणि उरलेला वेळ स्वयंपाकघराच्या दारात तिच्याजवळ. भावाभावांच्या भांडणात, वाटणीत, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं या वादात मात्र तोंड घालू नका. ते समाजसेवकांकडे सोपवा.

## शेवटचे दिवस

काय दिसेल हे माहीत असलं की भीती कमी होते. झोप वाढते. खाणं-पिणं सुटतं. घरचे हट्टाने भरवायला बघतात, पण शरीर बंद होत आलं की भूकच लागत नाही आणि भरवलेलं श्वासनलिकेत जायचा धोका असतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर, तळव्यांवर निळसर-जांभळी जाळी उमटते. काहीजण चादर ओढत राहतात, हवेत हात फिरवतात, फार पूर्वी गेलेल्या माणसांशी बोलतात. त्यांना खोडून काढू नका, पण अस्वस्थता नवी असेल तर सिस्टरना लगेच सांगा. त्यावर औषध असतं.

श्वासाची लय बदलते : भरभर, मग हळू, मग एकदम थांबलेला. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. वीस-तीस सेकंद गेल्यावर पुन्हा श्वास सुरू होतो. घशातली घरघर ऐकवत नाही. गिळता न आलेली लाळ आणि स्राव साठून ती होते, आणि तिचा त्रास त्या माणसापेक्षा शेजारी बसलेल्यांना जास्त होतो. कूस बदलली की ती बरेचदा कमी होते, ते सिस्टर करतात.

बोलत राहा. कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रतिसाद देत नसलेल्या काही रुग्णांचा मेंदू मृत्यूच्या काही तास आधीही आवाजाला प्रतिसाद देत होता. त्यांना शब्द कळत होते का, हे त्यावरून ठरत नाही. पण त्यांच्या खाटेशेजारी औषधाच्या बिलाची चर्चा करू नये, एवढं नक्की ठरतं.

कधीकधी नातेवाईक पाच मिनिटांसाठी बाहेर गेलेले असतानाच माणूस जातो, आणि ती पाच मिनिटं त्यांना वर्षानुवर्षं टोचतात. असं फार जणांच्या बाबतीत घडतं, हे त्यांना सांगा. दुसरं काही सांगायची गरज नाही. आणि त्या वेळी खोलीत तुम्ही एकटे असाल तर धावपळ करू नका. वेळ बघा, बेल दाबा, सिस्टर येईपर्यंत बसून राहा. मृत्यू झाल्याचं घरच्यांना कळवणं तुमचं काम नाही.

## नंतर

नोंदवही त्याच दिवशी लिहा. तारीख, किती वेळ, काय पाहिलं, कुणाला सांगितलं. 'छान गप्पा झाल्या' या नोंदीचा कुणाला उपयोग नसतो. 'डाव्या कुशीवर वळताना कण्हत होते, ४.३०ला सिस्टरना सांगितलं' ही कामाची.

घरी जाताना थेट बसमध्ये चढू नका, एक थांबा चालत जा, असं मला पहिल्या वर्षी कोणीतरी सांगितलं होतं. मला ते लागू पडलं. तुमचं वेगळं असेल. झोप उडाली, एकाच माणसाचा चेहरा दिसत राहिला, किंवा उलट कोण गेलं तरी काहीच वाटेनासं झालं, तर समन्वयकांशी बोला. स्वयंसेवकांच्या बैठका त्यासाठीच असतात, चुकवू नका. दोन-तीन महिने खाटेजवळचं काम सोडून कचेरीत बसलात तरी कोणी नावं ठेवत नाही.

आणि कधीतरी थांबायचं असेल, तर न येऊन थांबू नका. समन्वयकांना निदान महिनाभर आधी सांगा. ज्यांच्याकडे जाता त्यांना स्वतः, समोर बसून, शेवटची तारीख सांगा. जमलं तर पुढच्या स्वयंसेवकाला एकदा बरोबर न्या. मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा घेतली, तेव्हा एका मावशींना तसं सांगायला गेले होते. त्यांनी बरोबरच्या मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुझा वार कुठला?"

"गुरुवार," तो म्हणाला. "सकाळी अकरा."

मावशींनी उशाखालून पेन काढलं आणि कॅलेंडरवर खूण केली.